मेळ्यातली नवी गाडी बर्फात न्यायची, तर टायरला काय बांधावं?

जानेवारीच्या थंडीत मेळ्याच्या मैदानावर कुडकुडत सॉफ्टी खाणारे आपण ग्वाल्हेरकर गारठ्याला घाबरत नाही, हे मान्य. पण गारठा वेगळा आणि बर्फ वेगळा. १९०५ साली माधवराव शिंद्यांनी सुरू केलेल्या या मेळ्यात हल्ली गाड्यांची विक्री जोरात असते, कारण सरकारनं सूट जाहीर केली की रोड टॅक्स निम्म्यावर येतो. मग आमच्या नात्यागोत्यात एखादी तरी नवी गाडी येते, पेढे वाटले जातात आणि आठवड्याभरात फोन येतो: "दादा, मनालीला बर्फ पडलाय म्हणे. गाडी घेऊन जाऊ का? आणि ती चेन कुठली घेऊ?"

चेन म्हणजे बर्फावर पकड यावी म्हणून टायरभोवती बांधायची साखळी. यंदा असा तिसरा फोन आला तेव्हा ठरवलं, एकदाच सगळं लिहून टाकावं. पहिल्यांदाच बर्फाकडे निघालेल्यांसाठी हे आहे. जुन्या खेळाडूंनी चुका काढाव्यात.

आधी ठरवा, चेन लागणार आहे का

ग्वाल्हेरहून मनाली साडेआठशे किलोमीटरच्या आसपास. यातले सव्वाआठशे किलोमीटर तुम्हाला चेनची आठवणसुद्धा येणार नाही. आपल्या गावावरून जाणारा ४४ नंबरचा हायवे मुरैना, आग्रा, दिल्ली करत थेट श्रीनगरला पोचतो, पण त्यावरही बहुतेक ठिकाणी आपला खरा शत्रू धुकंच आहे.

प्रश्न येतो तो शेवटच्या तुकड्यात. मनाली सुमारे २,००० मीटरवर आहे, सोलंग अडीच हजारांच्या आसपास आणि अटल बोगद्याची तोंडं ३,००० मीटरच्या वर. ३ ऑक्टोबर २०२० ला सुरू झालेल्या या ९.०२ किलोमीटरच्या बोगद्यामुळे हिवाळ्यातही पलीकडे लाहौलमध्ये जाता येतं, आणि म्हणूनच नवशिके हौशी इथं अडकतात. ताजा बर्फ पडला की पोलीस फक्त फोर बाय फोर (इंजिनचा जोर चारही चाकांना देणाऱ्या) किंवा चेन लावलेल्या गाड्या पुढे सोडतात. काश्मीरमध्ये टंगमर्ग ते गुलमर्ग हा तेरा किलोमीटरचा चढ असाच. बर्फ असला की टंगमर्गलाच गाड्या अडवतात.

माझं स्पष्ट मत: बर्फ नुसता बघायचा असेल, तर गाडी हॉटेलाखाली लावा आणि शेवटच्या तुकड्यासाठी तिथली टॅक्सी करा. तो ड्रायव्हर हा रस्ता रोज चालवतो. गाडी स्वतःच न्यायची हौस असेल तरच पुढचं वाचा.

बर्फावर गाडी थांबत का नाही

कोरड्या डांबरावर टायरची पकड, म्हणजे घर्षणाचा आकडा, साधारण ०.७ धरतात. दाबून घट्ट झालेल्या बर्फावर ती ०.२ च्या आसपास येते आणि काचेसारख्या बर्फावर ०.१ किंवा त्याहूनही कमी. आता हिशेब करा. ताशी ४० च्या वेगानं चाललेली गाडी, ब्रेक लागल्यापासून, कोरड्या रस्त्यावर नऊ मीटरमध्ये थांबते. घट्ट बर्फावर तिला एकतीस मीटर लागतात. काचेवर त्रेसष्ट. तुमचा पाय ब्रेकवर जाईपर्यंतचं अंतर यात धरलेलंच नाही. घाटाच्या वळणावर त्रेसष्ट मीटर रस्ताच नसतो.

त्यात एक गंमत अशी की बर्फ सगळ्यात घसरडा असतो तो शून्याच्या आसपास, वर पाण्याचा पातळ थर असताना. उणे दहा अंशांत तोच बर्फ जरा बरा धरतो. म्हणजे दुपारच्या उन्हात वितळणारा आणि संध्याकाळी पुन्हा गोठायला लागलेला रस्ता सगळ्यात वाईट. पुलांवर आणि डोंगराच्या सावलीतल्या वळणांवर असा पारदर्शक थर बसतो; खालचं डांबर दिसत राहतं आणि आपल्याला वाटतं रस्ता नुसता ओला आहे.

गाडीची कुठली चाकं ओढतात

हे ठाऊक नसताना चेन विकत घेतलेली माणसं मी पाहिली आहेत. चेन ओढणाऱ्या, म्हणजे इंजिनचा जोर मिळणाऱ्या, चाकांना लावायची असते.

स्विफ्ट, बलेनो, ब्रेझा, अर्टिगा, नेक्सॉन, क्रेटा या गाड्यांची पुढची चाकं ओढतात, म्हणून चेन पुढे. स्कॉर्पिओ, बोलेरो, ईको, इनोव्हा क्रिस्टा यांची मागची, म्हणून चेन मागे. इनोव्हाच्या नावावर जाऊ नका. हायक्रॉस पुढच्या चाकांवर चालते. थारच्या नावावर तर मुळीच जाऊ नका, कारण २०२३ पासून ती नुसत्या मागच्या चाकांवर चालणारीही मिळते आणि दोन्ही बाहेरून सारख्याच दिसतात. आत फोर बाय फोरचा छोटा लिव्हर आहे का ते बघा.

खऱ्या फोर बाय फोरला चारही चाकांना चेन उत्तम. एकच जोडी असेल तर कुठल्या चाकांना लावायची ते गाडीच्या पुस्तकात बघा, प्रत्येक गाडीचं वेगळं असतं. एक भ्रम मात्र आत्ताच सोडा. फोर बाय फोर गाडीला चढायला मदत करतं, थांबायला नाही. ब्रेक सगळ्याच गाड्यांचे चारही चाकांवर असतात. सोलंगच्या उतारावर थार आणि ऑल्टो दोघीही सारख्याच घसरतात. थार जड म्हणून धडक मोठी, एवढाच फरक.

आणि पुढे ओढणाऱ्या गाडीला फक्त पुढेच चेन लावली, तर उतारावर जोरात ब्रेक मारल्यावर पुढचं धरतं आणि मागचं शेपूट बाजूला फिरतं. उपाय दोन. एक तर चारही चाकांना चेन, नाहीतर उतारावर पहिला गिअर आणि ब्रेकवर अगदी हलका पाय.

टायरवरचा आकडा आणि आतली फट

टायरच्या भिंतीवर २१५/६० आर १६ असं काहीतरी लिहिलेलं असतं. २१५ ही मिलिमीटरमध्ये रुंदी. ६० म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या साठ टक्के, म्हणजे १२९ मिलिमीटर. १६ हा रिमचा व्यास, इंचांत. चेन या तिन्ही आकड्यांवर ठरते. नुसतं "सोळाची चेन द्या" म्हणणं म्हणजे कापडाच्या दुकानात जाऊन "मोठा शर्ट द्या" म्हणण्यासारखं आहे.

माझीच गोष्ट सांगतो. पहिल्या खेपेला मी ऑनलाइन एक जोडी मागवली, वर लिहिलं होतं "सर्व एसयूव्हींसाठी". डबा न उघडताच मनालीला नेली. सोलंगच्या अलीकडे लावली तेव्हा चेन दोन कड्या सैल. म्हटलं, चालेल. शे-दीडशे मीटरमध्ये सुटलेलं टोक चाकाच्या आतल्या प्लॅस्टिकवर आपटायला लागलं आणि एबीएसच्या (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) सेन्सरची वायर तोडून गेलं. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला तो ग्वाल्हेरला परत येईपर्यंत. दोष विकणाऱ्याचा होता तितकाच माझा.

म्हणून आकड्याबरोबर फटही बघा. स्टिअरिंग पूर्ण वळवून पुढच्या चाकामागे हात घाला. टायरची आतली भिंत आणि सस्पेन्शनचा खांब यांच्यामध्ये बोट सहज जात नसेल, तर जाड लोखंडी चेन तुमच्यासाठी नाही. हौसेनं मोठी अलॉय आणि रुंद टायर बसवून घेतलेल्यांची इथंच पंचाईत होते. पुस्तकात चेनबद्दल सूचना असेल तर तीच अखेरची. काही गाड्यांच्या मोठ्या टायरना चेन लावूच नका, असं कंपनी स्वतः लिहिते.

काय काय मिळतं, आणि मी काय घेईन

*लोखंडी चेन.* खरं काम हीच करते. हिचे दोन प्रकार. एक शिडीसारखी: टायरवर आडव्या साखळ्या, मधे मोकळी जागा. स्वस्त, सोपी, सरळ चढाला चांगली. पण दोन पायऱ्यांमधली मोकळी जागा रस्त्यावर आली की पकड सुटते, गाडी धक्के देते आणि आडवी घसरायला मोकळी होते. दुसरी चौकटीची, म्हणजे पतंगाच्या आकाराची जाळी. हिच्यात कुठली ना कुठली कडी सतत रस्त्याला टेकलेली असते, त्यामुळे वळणावरही धरते. वळणावळणाच्या घाटासाठी मी शिडीची घेणार नाही.

जाडी मिलिमीटरमध्ये सांगतात. छोट्या गाड्यांना ९ मिलिमीटरची, एसयूव्हीला १२ ते १६. फट कमी असलेल्यांसाठी ७ ची पण निघते, महाग पडते. पाकिटावर ऑस्ट्रियाचं ओ-नॉर्म व्ही ५११७ किंवा युरोपचं ईएन १६६६२-१ हे मानक लिहिलेलं असेल तर माल तपासून आलेला आहे असं समजा. काहीच लिहिलेलं नसेल तर कड्यांचे जोड नीट वेल्ड केलेत की नुसते वाकवलेत, ते नखानं चाचपून बघा.

*केबल चेन.* साखळीऐवजी पोलादी दोर आणि त्यावर छोट्या नळ्या. हलकी, पातळ, कमी फट असलेल्या हॅचबॅकला बसते. घट्ट बर्फावर ठीक, काचेवर लोखंडी कडीइतकी रुतत नाही.

*कापडी मोजे.* टायरला चढवायचे विणलेले मोजे. ऐकून आमच्या आत्या हसल्या होत्या: "टायरला मोजे? आणि वर कानटोपी?" पण चीज खरी आहे. कापडाचे धागे बर्फाला धरतात, बसवायला पाच मिनिटं लागतात, फट कमी असली तरी चालतं आणि सेन्सरची वायर तोडत नाहीत. दोष एकच, पण मोठा: बर्फ संपून उघडं डांबर आलं की काही किलोमीटरमध्ये चिंध्या. जिथं रस्ता अर्धा बर्फाचा आणि अर्धा मोकळा असतो तिथं सारखे चढवा-उतरवा. ज्यांच्या गाडीला लोखंडी चेन बसतच नाही, त्यांनी हेच घ्यावेत.

*प्लॅस्टिकचे पट्टे.* दहाचा संच, रिमच्या भोकातून घालून टायरभोवती आवळायचे. स्वस्त म्हणून सगळ्यात जास्त खपतात. गाडी एका जागी रुतली असेल तर पाच-दहा मीटर बाहेर काढायला ठीक. हे बांधून घाट चढायचा विचार करू नका, पट्टे तुटून उडतात. शिवाय आपल्याकडच्या कित्येक साध्या लोखंडी रिमांची भोकं इतकी बारीक की पट्टा आत जातच नाही, आणि गेला तर ब्रेकच्या कॅलिपरला घासतो.

*फवारे.* टायरवर मारायचे डबे. त्यापेक्षा पैसे गजकवर, म्हणजे आपल्याकडच्या तीळ-गुळाच्या मिठाईवर, घालवा.

*बर्फाचे टायर.* परदेशातली मंडळी हिवाळ्यात टायरच बदलतात. तीन शिखरांचा डोंगर आणि आत हिमकण, हे बर्फावरच्या परीक्षेत पास झाल्याचं चिन्ह त्या टायरवर असतं. आपल्या साध्या टायरचं रबर सात अंशांखाली कडक होत जातं, त्यांचं मऊ राहतं. नुसतं एम आणि एस (मड आणि स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) लिहिलेलं असेल तर ते फक्त नक्षीबद्दल असतं, त्या परीक्षेत पास झाल्याची खूण नव्हे. पण जिथं मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, त्या ग्वाल्हेरमध्ये असे मऊ टायर घेणं म्हणजे गुळाची ढेप उन्हात ठेवणं. चार दिवसांच्या सहलीसाठी नकोच.

मात्र आहेत ते टायर तरी धड असू द्या. कायद्यानं १.६ मिलिमीटर खोल नक्षी (टायरवरच्या खाचा) चालते. बर्फासाठी ४ मिलिमीटरच्या खाली जाऊ नका. भिंतीवरचे शेवटचे चार अंक टायरचा जन्म सांगतात: ३५२१ म्हणजे २०२१ सालचा पस्तिसावा आठवडा. झिजलेल्या, तडकलेल्या टायरवर उत्तम चेन लावूनही उपयोग नाही.

विकत की भाड्यानं

वर्षातून एकदा जाणार असाल तर भाड्यानं. मनाली-सोलंगच्या रस्त्यावर आणि टंगमर्गला चेन भाड्यानं मिळते, बसवून देणारी पोरंही असतात. भाडं ठरवताना लावणं आणि काढणं दोन्ही त्यात धरून बोला, नाहीतर काढायचे वेगळे मागतात. पोरानं बसवली तरी शेजारी उभं राहून बघा. पुढच्या वळणावर ती सैल झाली तर ओढायला तो नसेल.

दरवर्षी जाणारे, किंवा ज्यांच्या टायरचा आकडा जरा वेगळा आहे, त्यांनी विकत घ्यावी. ग्वाल्हेरमध्ये शोधत बसू नका. दिल्लीला काश्मिरी गेटचा सुट्या भागांचा बाजार वाटेवरच आहे, पण रविवारी पोचू नका. टायरचा आणि चाकाच्या आतल्या फटीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, म्हणजे दुकानदाराशी वाद घालावा लागत नाही.

अंगणात सराव

या सगळ्या लेखातलं एकच कलम पाळणार असाल तर हे पाळा. चेन पहिल्यांदा उघडायची ती घरच्या अंगणात, डिसेंबरच्या उन्हात, चहा हाताशी ठेवून. उणे चार अंशांत, अंधारात, मागे हॉर्न वाजत असताना नाही.

१. चेन जमिनीवर पसरा. एकही कडी पिळलेली नको. पीळ राहिला तर तीच जागा आधी तुटते.

२. चौकटीच्या चेनला आतल्या बाजूची वाकणारी पोलादी केबल असते. ती टायरच्या मागून जमिनीलगत सरकवा, दोन्ही टोकं वर घ्या आणि टायरच्या माथ्यावर एकमेकांत अडकवा. टोकांना बहुधा रंग दिलेले असतात; रंगाला रंग.

३. मग बाहेरच्या बाजूचा हुक. नंतर खालची ताणायची साखळी कुलपातून ओढून घट्ट करा आणि उरलेलं टोक बांधा. माझ्या सेन्सरची आठवण ठेवा.

४. हुकांची उघडी तोंडं टायरकडे नकोत, बाहेर हवीत. उलटी राहिली तर टायरच्या भिंतीत रुततात.

५. गाडी दहा-वीस मीटर चालवा, थांबा, पुन्हा ताणा. चेन बसते ती दुसऱ्या ताणण्यात.

पहिल्यांदा मला एका चाकाला पंचवीस मिनिटं लागली आणि शेजारचे काका गच्चीवरून सूचना देत होते. चौथ्यांदा सहा मिनिटं. मग हातमोजे घालून करा, मग डोळे मिटून. हसू येईल, पण तिथं बोटं बधिर झाल्यावर डोळे मिटल्यासारखंच असतं. फरशीवर गाडी फार फिरवू नका, ओरखडे उठतील आणि घरचं वातावरण बर्फापेक्षा गार होईल.

चेनच्या पिशवीबरोबर डिकीत टाका: रबरी हातमोजे, गुडघ्याखाली घ्यायला जुनी सतरंजी, डोक्याचा टॉर्च, छोटं फावडं, चाकाखाली घालायला दोन लाकडी ठोकळे. आणि मुरैन्याची गजक, ती अडकल्यावर खायला.

रस्त्यावर

चेन चढ सुरू होण्याआधी, सपाट जागी, रस्त्याच्या कडेला उभं राहून लावा. चाकं फिरायला लागल्यावर आणि गाडी आडवी झाल्यावर लावायला गेलात, तर तुम्हीही घसराल आणि मागच्यांचीही वाट अडेल. नव्या माणसाला वाटतं, बघू अजून थोडं जाऊन. हे "अजून थोडं" फार महाग पडतं.

चेन असताना ताशी ५० ही वरची हद्द. मी तिशीच्या पुढे जात नाही. गाडी खडखडेल, ते ठीक. पण ठराविक लयीत टक-टक आपटल्याचा आवाज आला तर लगेच थांबा, काहीतरी सुटलंय. डांबर उघडं दिसायला लागलं की चेन काढा, नाहीतर चेन, टायर आणि रस्ता तिन्ही खराब होतात.

रुतलेली गाडी निघत नसेल आणि ट्रॅक्शन कंट्रोल इंजिनचा जोर सारखा तोडत असेल, तर तेवढ्यापुरतं त्याचं बटण बंद करा, बाहेर आलात की चालू. ॲक्सिलरेटर दाबून चाक नुसतं गरगर फिरवू नका. खालचा बर्फ वितळून काच तयार होते.

हवेचा एक घोळ नेहमी होतो. थंडीनं टायरमधली हवा आकसते, पाच-सहा अंशांमागे साधारण एक पीएसआय. ग्वाल्हेरच्या वीस अंशांवरून उणे पाचात गेलात तर चार-साडेचार कमी. उलट ३,००० मीटरवर बाहेरच्या हवेचा दाब कमी, त्यामुळे मीटर जवळपास तेवढाच जास्त दाखवतो. दोन्ही मिळून फार फरक पडत नाही, पण आपल्या मनानं हवा काढू नका. "हवा कमी करा, पकड वाढते" हा सल्ला वाळूत आणि खोल भुसभुशीत बर्फात ठीक. काचेवर उपयोगाचा नाही आणि टायर दबला की आवळलेली चेन सैल पडते. सकाळी टायर गार असताना तिथंच मोजा.

परतीला दुपारी तीनच्या आत उतरायला लागा, कारण वर सांगितलंच आहे, संध्याकाळी तोच रस्ता पुन्हा गोठतो.

घरी आलात की चेन पाण्यानं धुऊन गच्चीवर दोन दिवस उन्हात टाका, मग तेलाचं बोट फिरवून पिशवीत भरा. ओली ठेवलीत तर पुढच्या हिवाळ्यात गंजलेला गोळा निघेल. पिशवीवर टायरचा आकडा मार्करनं मोठा लिहा, म्हणजे पुढच्या जानेवारीत कुणी मेहुणा "चार दिवस द्या ना" म्हणत आला, की त्याला आधी स्वतःच्या टायरवरचा आकडा वाचायला पाठवता येईल.